कोठार झालेलं चॅपेल : ‘पूर्वीसारखं’ करायचं म्हणजे नेमकं कधीसारखं?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा : केंटमधलं एक जुनं फार्महाऊस तुम्ही दोघं घ्यायच्या विचारात आहात. आवारातलं दगडी कोठार एके काळी त्या घरमालकांचं खाजगी चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर होतं, असं विक्रीच्या कागदांत म्हटलंय आणि ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत ही इमारत ‘ग्रेड टू स्टार’ पायरीवर आहे. पूर्वेच्या भिंतीत विटांनी बुजवलेली टोकदार कमान, दक्षिणेला गाडी आत जाईल एवढं फोडलेलं दार, आत गवतासाठी घातलेला माळा आणि कमरेपर्यंत ओल्या भिंती. बिल्डरचं म्हणणं असं, की ओल थांबवायला भिंतीत रसायनाचं इंजेक्शन द्यायचं, आतून सिमेंटचा गिलावा करायचा, माळा काढायचा, दार बुजवायचं, कमान उघडायची, म्हणजे ते ‘पूर्वीसारखं चॅपेल’ दिसेल. मग नाशिकहून आईबाबा आले की त्यांना तिथे राहता येईल. याला परवानगी लागेल का, आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले आणि गेली चोवीस वर्षं दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते. त्यात कोठारं पुष्कळ आली आणि चॅपेलचं कोठार झालेल्या इमारतीही मोजक्या का होईना, पण आल्या. परवानगी लागेल का, याचं उत्तर एका शब्दात आहे : लागेल. कायद्याकडे पुढे येते. पण बिल्डरने सुचवलेल्या पाच कामांपैकी जवळपास प्रत्येक काम इमारतीचं नुकसान करू शकतं आणि त्यांतली दोन तर धोक्याची आहेत. त्यामुळे आधी ‘पूर्वीसारखं’ या शब्दाबद्दल बोलू.

तुमच्याच जिल्ह्यात ॲपलडोर गावाजवळ हॉर्न्स प्लेस नावाचं घर आहे. त्याला लागून एक छोटं, फार देखणं चॅपेल आहे. विल्यम हॉर्न या जमीनदाराने ते बांधलं आणि १३६६ मध्ये तिथे उपासनेची परवानगी मिळाली. घरात चॅपेल हवं तर तेव्हा धर्मपीठाकडून तशी परवानगी घ्यावी लागे. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, तेव्हा जमावाने हे घर लुटलं. पुढे सोळाव्या शतकात हेन्री आठवा आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांच्या काळात धर्मसुधारणेची, म्हणजे रोमच्या कॅथलिक चर्चपासून फुटण्याची, लाट आली, अशा खाजगी चॅपेलांचा काळ ओसरत गेला आणि हॉर्न्स प्लेसचं चॅपेल पुढे कोठार झालं. आता हिशेब मांडा. अशा एखाद्या इमारतीत प्रार्थना झाली असेल ती पावणेदोनशे-दोनशे वर्षं. धान्य, गवत, अवजारं राहिली ती कदाचित त्याहूनही जास्त काळ. मग ‘पूर्वीसारखं’ करताना आपण कुठलं पूर्वी धरायचं? आणि मधली शतकं कुणाची म्हणून पुसायची?

हा प्रश्न मी तात्त्विक चर्चा म्हणून विचारत नाही. माझ्या अनुभवात दुरुस्तीचा प्रत्येक व्यावहारिक निर्णय, म्हणजे दार ठेवायचं की बुजवायचं, माळा काढायचा की नाही, चुना खरवडायचा की नाही, शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतो. माझं मत स्पष्ट आहे. कोठार झालं म्हणूनच ते चॅपेल आज उभं आहे. शेतकऱ्याला धान्य कोरडं हवं होतं, म्हणून तो कौलं शाकारत राहिला, वळचणी नीट करत राहिला, मोडलेला वासा बदलत राहिला. ज्या चॅपेलांना असा धनी मिळाला नाही त्यांची आधी छपरं गेली, मग भिंतींच्या माथ्यातून पाणी आत शिरलं, आणि शेवटी दगड कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला लागले.

उदाहरणं द्यायची तर एसेक्सच्या किनाऱ्यावर ब्रॅडवेलला सेंट पीटर्स चॅपेल आहे. संत सेड याने ६५४ च्या सुमाराला ते ओथोना या रोमन किल्ल्याच्या दगडविटांतून उभारलं. इतकी जुनी उभी वास्तू इंग्लंडमध्ये विरळाच. ती कित्येक पिढ्या कोठार होती. १९२० मध्ये तिची दुरुस्ती होऊन पुन्हा प्रार्थना सुरू झाली. केंब्रिजशरमधल्या आयझलम गावी साधारण ११०० सालचं छोट्या मठाचं चर्च आहे. मठवासी १२५४ मध्ये दुसरीकडे गेले, इमारतीचं पुढे कोठार झालं आणि मूळ रूप आश्चर्य वाटावं इतकं शाबूत राहिलं. फ्रान्समध्ये बर्झे-ला-व्हील इथे क्लूनी या मोठ्या मठाच्या मठाधिपतींचं खास चॅपेल होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि शेतीच्या कामाला लागलं. १८८७ मध्ये तिथल्या धर्मगुरूला भिंतीवरच्या चुन्याखाली बाराव्या शतकातली भित्तिचित्रं सापडली. जोन इव्हान्स या इंग्रज इतिहासकार बाईंनी १९४७ मध्ये ती वास्तू विकत घेऊन माकाँ शहरातल्या अकादमीला देऊन टाकली. चित्रं वाचली ती त्यांच्यावर सफेदी बसली म्हणून. ही गोष्ट तुमच्या भिंतींच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

आता तुमच्या इमारतीकडे. मी ती पाहिलेली नाही. आत काय शिल्लक आहे, पूर्वी कुणी काय केलंय, ती संरक्षित स्मारकांच्या यादीतही आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तेवढी सूट धरून पुढचं वाचा.

सर्वांत आधी पाणी. बिल्डरने ‘ओल वर चढते’ असं निदान केलं असणार. तशी ती चढतेही, पण दगडी कोठारात कमरेपर्यंत ओल असेल तर मी चार गोष्टी क्रमाने बघते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आलीय का? शेतघरांत शेणखत, माती, खडी साठत साठत बाहेरची पातळी फूट-दीड फूट सहज चढते, आणि मग भिंत सरळ मातीत उभी राहते. पन्हळी आहेत का, आणि त्यांचं पाणी कुठे पडतं? भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, कुणी सिमेंटने भरल्यात का? आणि आत काँक्रीटची जमीन ओतलीय का? जमिनीतली वाफ पूर्वी सगळ्या फरशीतून निघून जायची. काँक्रीट ओतलं की ती कडेला सरकते आणि भिंतीतून वाट काढते.

ही चार कारणं दूर केली तर बहुतेक भिंती आपल्याआप सुकू लागतात. मात्र वेळ लागतो. आमच्या कामातला ठोकताळा महिन्याला साधारण एक इंच जाडी असा आहे. दोन फुटांच्या भिंतीला दोन वर्षं सोडायची तयारी ठेवा. इंजेक्शनचा इथे उपयोग नाही. जुनी दगडी भिंत आतून भरीव नसते. बाहेर एक पदर, आत एक पदर आणि मध्ये डबर व चुन्याचा भुसभुशीत भराव. त्या पोकळ्यांत रसायन कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. तुमच्या हाती भोकं पडलेले दगड तेवढे राहतात.

सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट. नाशिकच्या जुन्या वाड्यांत तुम्ही पाहिलं असेल : भिंत चुन्याची, वरून कुणीतरी सिमेंट थापलेलं, आणि दोन पावसाळ्यांत ते पापुद्र्यासारखं सुटून आतली भिंत पिठासारखी झालेली. इथेही अगदी तेच होतं. चुना पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंट ते अडवून धरतं, मग पाणी दगडातून वाट काढतं आणि थंडीत गोठून दगडाचा पृष्ठभाग सोलून काढतं. दर्जा आणि गिलावा चुन्याचाच हवा, आणि कामाचा मोसमही सांभाळायला हवा. ऑक्टोबर उलटला की चुन्याचं उघड्यावरचं काम मी सहसा सुरू होऊ देत नाही, कारण ओला चुना गोठला की वाया जातो.

कोठारांत आणखी एक खास दुखणं असतं. तिथे कधी जनावरं बांधली असतील किंवा रासायनिक खतांची पोती रचली असतील, तर भिंतीच्या खालच्या भागात नायट्रेटचे क्षार मुरलेले असतात. आपण ज्याला ‘लोणा लागणं’ म्हणतो तेच. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे पाण्याचं मूळ बंद झालं तरी दमट दिवशी भिंत ओली दिसते. पाहणारा म्हणतो, बघा, ओल अजून चढतेच आहे, आणि पुन्हा इंजेक्शनवाला बोलावला जातो. (याच क्षारापासून बंदुकीच्या दारूचा सोरा बनत असे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाची माणसं सोऱ्यासाठी लोकांचे तबेले आणि कबुतरखाने खणायला येत, आणि लोक त्यांच्यावर फार चिडून असत.) यावर उपाय म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाला मऊ चुन्याचा पातळ गिलावा द्यायचा, क्षार त्यात उतरू द्यायचे, तो खराब झाला की काढून नवा द्यायचा. दोन-तीन वेळा करावं लागतं. प्रयोगशाळेतून क्षारांची तपासणी करून घेतलीत तर हे करायचं की नाही ते आधीच कळेल.

दुसरी गोष्ट माळा. इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. कामाला लागून चारेक वर्षं झाली असतील. अशाच एका कोठारात गवताच्या माळ्यामुळे वरचं सुंदर छप्पर दिसत नव्हतं. लाकूड नंतरचं आहे, चॅपेलचं नाही, एवढं पाहून मी तो काढायची शिफारस केली. परवानगीही मिळाली. माळा उतरवला आणि तीन आठवड्यांत उत्तरेच्या भिंतीवर मी लावलेल्या खुणांत फट रुंदावल्याचं दिसलं. छपराच्या रेट्याने भिंती कित्येक वर्षं बाहेर कलत होत्या, आणि त्या माळ्याच्या तुळयांनीच दोन्ही भिंती एकमेकींशी बांधून ठेवल्या होत्या. आम्ही तातडीने टेकू दिले, नंतर पोलादी ताण घातले, इमारत वाचली. पण उतरवलेल्या तुळया धुतल्या तेव्हा त्यांच्यावर ओळीने कोरलेल्या मोजणीच्या रेघा दिसल्या. कुणीतरी वर्षानुवर्षं पेंढ्या मोजून ठेवल्या होत्या. त्या तुळया मी त्यांच्या जागेवरून हलवल्या, आणि ते पुन्हा कधीच जसंच्या तसं होणार नाही.

म्हणून तुमच्या माळ्याला हात लावण्याआधी दोन माणसं बोलवा. एक, जुन्या इमारतींचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर. ‘जुन्या इमारतींचं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण नव्या बांधकामाचे नियम लावून पाहिलं तर प्रत्येक मध्ययुगीन छप्पर नापास होतं. दुसरा, लाकडाची वर्षवलयं मोजून वय सांगणारा तज्ज्ञ. ओकच्या तुळईला सालीखालचा शेवटचा थर शिल्लक असेल तर झाड कुठल्या साली तोडलं हे तो सांगू शकतो. सगळीच लाकडं जुळतात असं नाही, पण जुळली तर छप्पर कधीचं, माळा कधीचा, मधे कधी डागडुजी झाली, याचा अर्धा इतिहास हाती येतो. विजेरी भिंतीला घासून तिरपा उजेड पाडत तुळया आणि दारांच्या चौकटी तुम्ही स्वतःही बघा. सुतारांनी जोड ओळखायला कोरलेले रोमन आकडे दिसतील. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं दिसली तर तीही टिपा. दुष्ट शक्ती आत येऊ नयेत म्हणून ती कोरत असत, असं मानलं जातं.

चॅपेलच्या खुणाही शोधून ठेवा, कारण यादीतल्या नोंदीत त्या सगळ्या आलेल्या असतीलच असं नाही. पूर्वेकडच्या टोकाला, दक्षिणेच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर आपल्याकडच्या देवळीसारखा एक कोनाडा असू शकतो. त्याच्या तळाशी उथळ कुंड आणि पाणी जायला भोक असेल तर तो पिसिना, म्हणजे धर्मगुरूने पूजेची भांडी धुतलेलं पाणी भिंतीतच जिरवण्याची जागा. दाराशेजारी तीर्थजलाचं छोटं कुंड असे. घराच्या बाजूच्या भिंतीत तिरकी बुजवलेली खिडकी असेल तर आजारी माणसाला किंवा घरच्या बायकांना पलीकडच्या खोलीतून वेदी दिसावी म्हणून ती ठेवलेली असण्याची शक्यता असते. या गोष्टी बहुधा लिंपलेल्या असतात. टकटक करून पोकळ आवाज आला तर जागेची नोंद करा. खरवडू नका.

खरवडू नका हे मी हात जोडून सांगते. कोठाराच्या भिंतीवर चुन्याच्या सफेदीचे दहा-वीस थर असतात. सगळ्यांत खालचे थर धर्मसुधारणेच्या काळात चित्रं झाकण्यासाठी फासलेले असू शकतात. बिल्डरला तो ‘जुना पोपडा’ वाटतो आणि तो तारेचा ब्रश फिरवतो. बर्झेची गोष्ट आठवा. भित्तिचित्रांचा तज्ज्ञ बोटभर चौकोनात एकेक थर उलगडून पाहतो, आणि खाली काही सापडलं तरी बऱ्याचदा सल्ला देतो की झाकलेलंच राहू द्या. ते पटायला मला वेळ लागला. पण उघडलेल्या चित्राला कोरडी, स्थिर हवा लागते, आणि तुमच्या इमारतीत ती आज नाही.

कमानीचंही असंच. विटा काढल्या की आत दगडी जाळीकाम असेल, ही आशा मी समजू शकते. मात्र तीनशे-चारशे वर्षं तो विटांचा भराव कमानीचं ओझं पेलत असेल, तर आता कमान त्याच्यावर विसावलेली असते. टेकू न देता विटा काढणं, हे मी वर म्हटलेल्या दोन धोकादायक कामांतलं एक. माळा काढणं हे दुसरं. शिवाय त्या विटा बारीक, जेमतेम दोन इंच जाडीच्या आणि ओबडधोबड असतील, तर त्या ट्यूडर काळातल्या असू शकतात. मग तो भरावच एक पुरावा ठरतो : प्रार्थना थांबली आणि खिडकी बुजली, तो क्षण त्यात बंद आहे. अशा वेळी मी फार तर वरच्या टोकाकडची एखादी वीट काढून, कॅमेरा आत घालून बघण्याची परवानगी मागते.

दाराबद्दल मी अजिबात डळमळत नाही : ते ठेवा. कोठाराला समोरासमोर दोन मोठी दारं का असत हे तुमच्या आईबाबांना सांगावं लागणार नाही. मधे खळं, मळणी झाली की दोन्ही दारं उघडायची आणि आरपार वाऱ्यावर उफणणी करायची. तुमच्या उत्तर भिंतीत समोरच एखादं बुजवलेलं दार आहे का ते बघा. असेल तर त्या दोघांमधल्या जमिनीवर मळणीचं खळं शिल्लक असू शकतं. ब्रॅडवेलला दोन्ही बाजूंच्या भिंतींत गाड्यांसाठी फोडलेल्या मोठ्या दारांच्या जागा दुरुस्तीत भरल्या, पण भराव वेगळा ओळखू येतो. बाहेर उभं राहिलं की ही वास्तू कोठार होती हे लहान मूलही सांगेल. तिथे पुन्हा उपासना सुरू व्हायची होती, तेव्हा दारं भरायला कारण होतं. तुमच्याकडे तसं कारण नाही, आणि भिंत बंद केलीत तर इमारतीतला जवळजवळ सगळा उजेड जाईल. लाकडी दारं बाहेर तशीच ठेवून आत हातभर मागे काचेचा पडदा उभा करता येतो, आणि तो उद्या कुणाला नको झाला तर भिंतीला धक्का न लावता काढताही येतो. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था (‘एसपीएबी’) काढली, तिचं म्हणणं हेच होतं : जुनं खरवडून खोटं जुनं बनवू नका, वेळेवर डागडुजी करा. ती संस्था आजही चालू आहे आणि फोनवर विनामूल्य तांत्रिक सल्ला देते. त्यांना जरूर फोन करा.

आता कायदा. यादीतल्या इमारतीचं स्वरूप बदलेल असं काहीही, आत किंवा बाहेर, १९९० च्या कायद्याखाली संमती घेतल्याशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. ग्रेड टू स्टार ही मधली पायरी आहे. यादीतल्या इमारतींपैकी सहा टक्क्यांहूनही कमी इमारती तिथे आहेत, त्यामुळे तुमच्या अर्जावर हिस्टॉरिक इंग्लंड या ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या सरकारी संस्थेचंही मत घेतलं जाईल. कोठाराचं घर करायला जी सोपी वाट आहे, ज्याला सगळे ‘क्लास क्यू’ म्हणतात, ती यादीतल्या इमारतींना लागूच नाही. कुणी तिच्या भरवशावर किंमत वाढवून सांगत असेल तर सावध व्हा. इमारत संरक्षित स्मारकही असेल तर १९७९ च्या कायद्याखाली वेगळी आणि अधिक कडक संमती लागते, आणि तिथे धातुशोधक यंत्र फिरवायलाही परवानगी हवी.

एक मुद्दा खरेदीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. आधीच्या मालकाने संमती न घेता काही केलं असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते, आणि तिला मुदतीचं बंधन नाही. म्हणून काँक्रीटची जमीन, सिमेंटच्या दर्जा, छपरातली एखादी खिडकी दिसली की त्याचे संमतीचे कागद वकिलामार्फत मागा.

वटवाघळं आणि गव्हाणी घुबडं यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि अडकतात. वटवाघळांच्या राहण्याच्या जागेला, ती तिथे नसतानासुद्धा, संरक्षण आहे. त्यांची पाहणी उन्हाळ्यातच होते, साधारण मे ते सप्टेंबर. ऑक्टोबरात घर घेतलंत तर पुढच्या मेपर्यंत थांबावं लागेल हे वेळापत्रकात धरा. घुबडाचं घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत त्याला त्रास होईल असं काही करता येत नाही.

आईबाबांच्या खोलीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण मनापासून सांगते. एकसंध उंच जागा हेच या इमारतीचं मोल आहे. राहण्याची खोली म्हटली की न्हाणीघर आलं, न्हाणीघर म्हटलं की सांडपाण्याची नळी आली, आणि नळी म्हणजे जमीन खणणं. चॅपेलच्या जमिनीखाली जुनी फरशी असू शकते, दफनंही असू शकतात. तिथे पुरातत्त्वज्ञ उभा असल्याशिवाय फावडं लावता येणार नाही, आणि मानवी अस्थी निघाल्या तर काम थांबवून वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्यातून आईबाबा वर्षातून दोन महिने येणार. अधूनमधून जोरात तापवलेली आणि मग थंड सोडलेली जुनी भिंत सर्वांत लवकर बिघडते, कारण दर वेळी क्षार विरघळतात आणि पुन्हा स्फटिक होतात. सत्तरीच्या माणसांना त्या उंच, गार जागेत झोप लागेल का, हेही बघा. त्यांची खोली फार्महाऊसमध्ये तळमजल्यावर करा. कोठाराला हलकं काम द्या : कार्यशाळा, पुस्तकं सोडून इतर सामान, उन्हाळ्यात गाण्याची बैठक, लांब टेबल मांडून जेवणावळ. अशा वापराला संमती मिळण्याची शक्यताही पुष्कळ जास्त असते. हे मत तुमच्या इमारतीत काय शिल्लक आहे यावर बदलू शकतं. आत सगळं आधीच विसाव्या शतकात उद्ध्वस्त झालेलं असेल तर मी वेगळं बोलेन.

ग्लॉस्टरशरमध्ये डीअरहर्स्टला ओडाचं चॅपेल आहे, ते एकदा बघून या. ओडा नावाच्या अर्लने, म्हणजे बड्या सरदाराने, ते भावाच्या आत्म्यासाठी १०५६ मध्ये बांधलं. पुढे ते शेतघरात इतकं मिसळून गेलं, की नेव्हमध्ये, म्हणजे चॅपेलच्या मुख्य दालनात, स्वयंपाक होत होता आणि ते चॅपेल आहे हे सगळे विसरून गेले होते. १६७५ मध्ये जवळच्या बागेत त्याचा कोरीव शिलालेख सापडला होता, पण तो नेमका कुठल्या इमारतीचा हे कोडं १८६५ मध्ये घराच्या दुरुस्तीच्या वेळी सुटलं. आज तिथे गेलात तर दगडी चॅपेल आणि त्याला चिकटलेलं लाकडी चौकटींचं घर दोन्ही शेजारी शेजारी उभी दिसतात. घर पाडून चॅपेल ‘मोकळं’ केलं नाही, म्हणून तिथे कित्येक शतकं एका नजरेत मावतात.

खर्चाचा आकडा मी पाहिल्याशिवाय सांगणार नाही आणि कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. एवढं धरून चाला, की यादीतल्या इमारतींच्या संमत बदलांवरची व्हॅटची सूट २०१२ मध्ये गेली, त्यामुळे सर्वसाधारणपणे वीस टक्के वर लागतील. कामाचा क्रम मी असा ठेवेन : पन्हळी आणि छप्पर, मग बाहेरची जमीन उतरवणं, मग सिमेंटच्या दर्जा हलक्या हाताने काढून चुना भरणं, आणि मग एक हिवाळा काहीही न करता फक्त बघणं. आतल्या सजावटीचा विचार त्यानंतर.

करार अजून पक्का झालेला नाही, ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तुम्ही बांधलेले नसता. त्याआधी नेहमीच्या घरांच्या सर्वेक्षकाऐवजी जुन्या इमारतींचा अधिकृत सर्वेक्षक लावा, यादीतली नोंद पूर्ण वाचा, आणि स्थानिक नियोजन कार्यालयातल्या संवर्धन अधिकाऱ्याशी अर्जापूर्वीची भेट मागा. बहुतेक ठिकाणी तिचं शुल्क असतं, पण तेवढ्यात तुम्हाला कळतं, की मनातलं काम होण्यासारखं आहे की नाही.

आणि एक दिवस मुसळधार पाऊस असताना मुद्दाम तिथे जा. दलाल म्हणेल, ऊन पडल्यावर या. तुम्ही पावसातच जा, छत्री आणि गमबूट घेऊन. आधी बाहेरून एक फेरी मारा, वळचणीचं पाणी कुठे पडतंय आणि कुठे साठतंय ते बघा. मग आत माळ्याखाली दहा मिनिटं गप्प उभ्या राहा आणि कुठे ठिबकतंय ते ऐका. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि कागदावर चारही दिशा लिहून खुणा करा. तो कागद पाठवलात तर पुढचं मी नेमकं सांगू शकेन.